मॅक्रो सगळ्या फाइलींत हवा: पर्सनल वर्कबुक की ॲड-इन?

एक्सेलच्या एका फाइलीतला मॅक्रो, म्हणजे ठरावीक काम आपोआप करणारा छोटा कोड, दुसरीकडे लागला की आपण कोड उचलून तिकडे चिकटवतो. पुढे त्यात चूक सापडते आणि सात फाइली उघडून तीच ओळ सात वेळा दुरुस्त करत बसावं लागतं. कोड एकाच जागी ठेवायचे एक्सेलमध्ये दोन सरळ मार्ग आहेत.

पर्सनल मॅक्रो वर्कबुक सुरू करायला काहीच लागत नाही. मॅक्रो रेकॉर्ड करताना 'स्टोअर मॅक्रो इन'मध्ये ते निवडलं की एक्सएलस्टार्ट फोल्डरमध्ये फाइल तयार होते. मग एक्सेल उघडलं की तीही मागे लपून उघडते. ऑल्ट-एफ८ दाबा, मॅक्रो यादीत हजर. फक्त एक्सेल बंद करताना ती सेव्ह करायची का, असं विचारलं तर 'हो' म्हणा.

अडचण येते ती स्वतः लिहिलेल्या फंक्शनची. सेलमध्ये त्याच्या नावाआधी पर्सनल फाइलचं नाव आणि उद्गारचिन्ह लावावं लागतं. ती शीट सहकाऱ्याकडे गेली की त्याच्याकडे तुमची पर्सनल फाइल नसते, मग फंक्शन चालणार कसं?

ॲड-इन, म्हणजे एक्सेलला जोडायची कोडची वेगळी एक्सएलएएम फाइल, इथे सरस. फंक्शन सम किंवा काउंटसारखं नुसत्या नावाने चालतं आणि तीच फाइल इतरांनाही देता येते. मात्र तिचे मॅक्रो ऑल्ट-एफ८च्या यादीत दिसत नाहीत, त्यामुळे रिबनवर बटण लावून द्यावं लागतं. कोड बदललात तर जिथे कोड लिहिता त्या एडिटरमध्येच सेव्ह करा. बंद होताना एक्सेल ॲड-इनबद्दल विचारत नाही. दुपारभराची मेहनत अशी गेली की मग कायमचं लक्षात राहतं! नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमधून ॲड-इन जोडताना 'कॉपी करू का?' या प्रश्नाला 'नाही' म्हणा, नाहीतर प्रत्येकाकडे जुनीच प्रत राहते.

कुठलाही मार्ग घेतलात तरी कोडमधलं 'धिसवर्कबुक' तपासा. ते कोड असलेल्या फाइलकडे बोट दाखवतं. समोरच्या फाइलवर काम करायचं तर 'ॲक्टिव्हवर्कबुक' लागतं. आणि ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये व्हीबीए, म्हणजे मॅक्रो लिहायची भाषा, मुळात चालतच नाही.

मी स्वतः चार-दोन मॅक्रो आणि एकटाच वापरणारा असेल तर पर्सनलच सुचवेन. दुसऱ्या कुणी 'मलाही दे' म्हटलं की त्याच दिवशी ॲड-इन करायला घ्यावं.