मराठी प्रबंधासाठी वर्ड की लाटेक?

प्रबंध मराठीत, पाने अडीचशेच्या घरात आणि तळटीपा भरपूर, असे असेल तर वर्ड की लाटेक (साध्या मजकुरात आज्ञा लिहून पाने जुळवून घेण्याची प्रणाली) हे पहिले प्रकरण टाइप करण्याआधी ठरवावे. मध्येच बदलणे फार महागात पडते. अर्ज, पत्र किंवा दहा पानांचा लेख यांसाठी मात्र वर्ड पुरेसे आहे.

वर्डमध्ये मला सर्वांत जास्त छळते ती फॉन्टची भानगड. वर्ड प्रत्येक मजकुरासाठी निदान दोन फॉन्ट धरून ठेवते, एक लॅटिन अक्षरांचा आणि दुसरा 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'चा. दोघांचे आकारही वेगवेगळे असतात. देवनागरी दुसऱ्या खात्यात मोडते. म्हणून स्टाइलमध्ये मथळा १६ पॉइंटचा केला तरी मराठी अक्षरे होती तेवढीच राहतात, मोठा होतो तो फक्त मथळ्यातला इंग्रजी शब्द. फॉन्टची पूर्ण खिडकी उघडून कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा रकाना वेगळा भरावा लागतो, तोही प्रत्येक स्टाइलसाठी.

एवढे करूनही प्रश्न संपत नाही, कारण पेस्ट केलेला मजकूर आपला फॉन्ट बरोबर घेऊन येतो. एक परिच्छेद कोकिळामध्ये, पुढचा मंगलमध्ये. मंगलची ओळ उंच असते. ओळीत एक शब्द जरी मंगलमध्ये राहिला तरी तेवढ्याच ओळीचे अंतर वाढते आणि पान विस्कटते, पण कारण नजरेला सापडत नाही. अंतर 'एक्झॅक्टली' करून बांधून टाकले, तर 'र्कीं'सारख्या अक्षरावरचा रफार किंवा अनुस्वार वरून कापला जाण्याची भीती. कंट्रोल-स्पेस दाबून उतारा साफ करता येतो, पण त्याबरोबर उताऱ्यातली तिरकी ग्रंथनामेही सरळ होतात. पेस्ट करतानाच्या 'कीप टेक्स्ट ओन्ली' पर्यायाचेही तेच. संदर्भांनी भरलेल्या प्रकरणात ती नावे पुन्हा एकेक शोधून तिरकी करायची, हे काम मला सर्वांत जिवावर येते.

लाटेकमध्ये हे घडतच नाही. फाइल म्हणजे साधा मजकूर, फॉन्ट एकदाच वर लिहायचा आणि ग्रंथनाम तिरके आहे ते तिथे आज्ञा लिहिलेली आहे म्हणून. पेस्ट केलेल्या मजकुरातून फॉन्ट चोरून आत येऊ शकत नाही.

सुरुवातीला मात्र तीन ठिकाणी ठेच लागते. ओव्हरलीफवर (लाटेक ब्राउझरमध्ये चालवण्याचे संकेतस्थळ) कंपाइलर, म्हणजे फाइलची पीडीएफ बनवणारा प्रोग्रॅम, पीडीएफलाटेक असेल तर देवनागरीचे पहिलेच अक्षर चूक म्हणून परत येते. सेटिंगमध्ये त्याऐवजी झीलाटेक हा कंपाइलर निवडावा. तरीही पीडीएफमधून मराठी गायब असेल तर देवनागरी फॉन्ट दिलेला नाही असे समजावे. अक्षर सापडत नसल्याची नोंद लॉगमध्ये, म्हणजे कंपाइलरच्या अहवालात, असते. अक्षरे दिसतात पण पहिली वेलांटी व्यंजनाच्या मागे पडते आणि जोडाक्षरे सुटी होतात, तेव्हा फॉन्टच्या ओळीत स्क्रिप्ट म्हणून देवनागरी लिहायचे राहिलेले असते. तिथेच भाषा मराठी लिहावी. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे मिळतात. आयआयटी मुंबईचा शोभिका फॉन्ट मोफत आहे, तो घेऊन सुरुवात करायला हरकत नाही.

मराठी शब्द प्रत्यय लागून लांबतात. दोन्ही कडांना जुळवलेल्या ओळीत त्यामुळे शब्दांमध्ये मोठी भगदाडे पडतात. टेक लाइव्ह या लाटेकच्या संचात मराठीचे शब्दविच्छेदनाचे, म्हणजे ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडायचा याचे, नियम आहेत. पॉलिग्लॉसिया या भाषांसाठीच्या लाटेक पॅकेजमध्ये मराठी भाषा निवडली की ते लागू होतात आणि पान बरेच एकसारखे दिसते.

तळटीपांचे क्रमांक दोन्हींकडे आपोआप लागतात. 'पाहा, पृष्ठ अमुक' असे उल्लेख वर्डमध्ये कंट्रोल-ए आणि एफ-९ दाबून ताजे करावे लागतात, आणि तळटीपांमध्ये जाऊन पुन्हा वेगळे. लाटेकमध्ये फाइल दोन-तीनदा चालवली की झाले.

वर्डच्या बाजूने एक गोष्ट भक्कम आहे. मार्गदर्शक 'ट्रॅक चेंजेस'मध्ये दुरुस्त्या करत असतील तर त्यांना लाटेकची फाइल पाठवू नये. अशा वेळी प्रकरणे वर्डमध्येच लिहावीत, पण मथळ्यांना हेडिंग स्टाइलच लावावी. सगळ्या दुरुस्त्या मान्य झाल्यावर पॅनडॉक या फाइलचा प्रकार बदलणाऱ्या प्रोग्रॅमने लाटेकमध्ये आणावे. पॅनडॉक फॉन्ट आणि आकार टाकून देतो. मथळे, तळटीपा आणि तिरके शब्द ठेवतो, म्हणजे नेमके हवे तेच. नुसता ठळक करून बनवलेला मथळा मात्र त्याला मथळा वाटत नाही.

शब्दसूची द्यायची असेल तर तिच्यासाठी दोन दिवस वेगळे काढावेत. युनिकोडमध्ये ळ हा ल नंतर आहे, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. लाटेकची सूची लावणाऱ्या मेकइंडेक्स या प्रोग्रॅमला मराठी क्रम कळत नाही. सूची छोटी असेल तर ळचे शब्द हाताने हलवावेत. मोठी असेल तर प्रत्येक नोंदीला क्रमासाठी वेगळी खूण देता येते, ती टाइप करतानाच द्यावी.