इन्शुरन्स नाही आणि बिल समोर आहे: पर्सनल लोन की सोनेतारण?

हे मुख्यतः त्यांच्यासाठी जे पंचविशी-तिशीत आहेत, नोकरी सोडून फ्रीलान्स करतायत किंवा काँट्रॅक्टवर आहेत, कंपनीची पॉलिसी नोकरीबरोबरच गेली आणि नवीन घेऊ घेऊ म्हणेपर्यंत डॉक्टरांनी ॲडमिट व्हायला सांगितलं. "इन्शुरन्स घ्यायला हवा होता" हे ऐकवणारे काका-मामा भरपूर भेटतील, मी त्यात भर घालत नाही. आणि आत्ता घाईत पॉलिसी काढून हे ऑपरेशन त्यात बसवू असा विचार असेल तर तो सोडा, पहिले 30 दिवस अपघात सोडून काही मिळत नाही आणि मुतखडा, हर्निया असल्या गोष्टींना बहुतेक पॉलिसींमध्ये दोन वर्षांपर्यंत वेटिंग असतं. बरे झालात की जरूर घ्या, 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा जीएसटीही गेलाय. पण समोरचं बिल खिशातूनच जाणार, आणि खिशात नसेल तर कर्जातून.

माझं मुतखड्याचं होतं, नळीत अडकलेला, दुर्बिणीने काढायचा, पुण्यात. ऑपरेशनच्या वेळी मी पर्सनल लोन घेतलं, कारण घरचं सोनं सांगलीला आणि मी इकडे कळा सोसत पडलेलो. नंतर उरलेल्या खर्चासाठी आणि ते लोन बंद करण्यासाठी सोनेतारण केलं. म्हणजे दोन्हीचं पाणी प्यायलोय. मी काही फायनान्सवाला नाही, व्हिडिओ एडिटिंग करतो, तेव्हा पुढचं सगळं त्या हिशोबानेच वाचा.

कर्जाकडे वळायच्या आधी दोन गोष्टी, पटकन. हॉस्पिटल ट्रस्टचं असेल तर काउंटरवर न विचारता थेट समाजसेवा अधीक्षकांना गाठा. धर्मादाय हॉस्पिटलांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात, उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार. ही दुसरी मर्यादा फ्रीलान्सरांनी नीट वाचावी, आपल्यातले बरेच जण त्यात बसतात पण स्वतःला "दुर्बल" म्हणवून घ्यायला लाजतात. तहसीलदाराचा दाखला किंवा रेशनकार्ड लागतं, आणि उत्पन्न कुटुंबाचं धरतात, त्यामुळे आमच्या अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या पेन्शनने माझा पत्ता कापला. दुसरी, महात्मा फुले जन आरोग्य योजना. पूर्वी ती पिवळ्या-केशरी कार्डापुरती होती, 2023 च्या निर्णयानंतर पांढऱ्या कार्डवाल्यांनाही खुली झाली, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. फक्त हॉस्पिटल योजनेत असायला हवं आणि तुमचं ऑपरेशन त्यांच्या यादीत. माझे डॉक्टर जिथे ऑपरेशन करायचे ते नव्हतं. तुमच्याकडे दोन-चार दिवसांची सवड असेल तर हे आधी तपासा, खालचं सगळं वाचायची वेळच येणार नाही.

आणि हो, रूम. बऱ्याच खाजगी हॉस्पिटलांत जनरल वॉर्ड, ट्विन शेअरिंग आणि सिंगल यांच्यात फक्त खाटेचं भाडं बदलत नाही, सर्जनची फी, भूलतज्ज्ञांची फी, ओटी (ऑपरेशन थिएटर) चार्जेस सगळंच बदलतं. डॉक्टर तेच, दुर्बीण तीच, पण रूम सिंगल घेतली म्हणून खडा काढायला जास्त पैसे! एस्टिमेट मागताना तिन्हीचं वेगवेगळं मागा. मुतखड्यावाल्यांनी अजून एक विचारायचं, आत जो डीजे स्टेंट (मूत्रमार्ग मोकळा ठेवणारी बारीक नळी) ठेवतात तो काही आठवड्यांनी काढायला परत यावं लागतं, त्याचे पैसे पॅकेजमध्ये धरलेत का. माझ्यात धरले नव्हते.

क्रेडिट कार्डाबद्दल एकच वाक्य, पूर्ण बिल ड्यू डेटला भरता येत असेल तरच स्वाइप करा, नाहीतर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज म्हणजे वर्षाचे चाळीसच्या वर जातात. हॉस्पिटलच्या काउंटरवर जो मुलगा टॅब घेऊन "सर ईएमआय करून देऊ का" म्हणतो, तेही शेवटी पर्सनल लोनच असतं, कधीकधी व्याज हॉस्पिटल भरतं एवढाच फरक, तेव्हा तो माणूस पर्सनल लोनच्या बाजूचा समजा.

आता मूळ मुद्दा.

वेगात पर्सनल लोन पुढे आहे, वाद नाही. सिबिल (क्रेडिट स्कोअर) बरा असेल तर फोनवर आधार-पॅन टाकून कॅज्युअल्टीच्या बाकावर बसून मिळतं, कुणाला काही सांगावं लागत नाही, आईच्या कपाटाला हात लागत नाही. फ्रीलान्सरला दर जरा चढाच पडतो कारण सॅलरी स्लिप नाही, मला 16 टक्क्यांनी मिळालं. 1 लाख, दोन वर्षं, हप्ता 4,900 च्या आसपास, एकूण व्याज साधारण साडेसतरा हजार. प्रोसेसिंग फी 2 टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी आधीच कापून घेतात, म्हणजे हातात 97,640 येतात आणि व्याज मात्र पूर्ण लाखावर. शिवाय एक "प्रोटेक्शन प्लॅन" आधीच टिक करून ठेवलेला असतो, तो शोधून काढावा लागतो. आजारपणाचा इन्शुरन्स नाही म्हणून कर्ज काढणाऱ्या माणसाला कर्जाचा इन्शुरन्स विकायचा, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

पण हेही मी चालवून घेतलं असतं. दर जास्त असतो, फी असते, ठीक आहे, अडलेल्याला सगळेच घेतात. मला जे खुपलं ते वेगळं.

आमच्या धंद्यात पैसे कसे येतात ते माहितीये. दोन महिने कुणी फोन उचलत नाही आणि मग एकदम तीन इनव्हॉइस एका आठवड्यात क्लिअर होतात. तसेच एकदा आले, चांगले चाळीस हजार, आणि मी खुशीत ठरवलं की हे सरळ लोनला टाकून मोकळा होतो. ॲपमध्ये पार्ट पेमेंटचं, म्हणजे मुद्दलातले थोडे पैसे आधीच भरायचं बटण शोधलं, नाही. कस्टमर केअरला फोन लावला, आधी ती बाई मला टॉप-अप लोन द्यायला निघाली, मग म्हणाली, "सर, तुमच्या प्रॉडक्टमध्ये पार्ट पेमेंट अलाउड नाहीये, सहा ईएमआयनंतर पूर्ण फोरक्लोज करू शकता." म्हणजे उरलेलं सगळं लोन एकदम फेडायचं, जवळ जवळ ऐंशी हजार, आणि त्यावर 4 टक्के चार्ज अधिक जीएसटी, म्हणजे साधारण 3,800 वरून. मी विचारलं, मॅडम मी पैसे परत द्यायला तयार आहे, बुडवत नाहीये, तर दंड कशाचा? त्यावर त्या म्हणाल्या, "सर, ॲग्रीमेंटमध्ये मेन्शन्ड आहे." होतंच मेन्शन्ड. (फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराने व्यक्तीला दिलेल्या कर्जाला असा दंड लावता येत नाही, पण पर्सनल लोन बहुतेक फिक्स रेटचंच असतं, तिथे मोकळं रान.)

मग काय, चाळीस हजार सेव्हिंगला अडीच-तीन टक्क्यांवर पडून राहिले आणि लोन 16 ने चालू राहिलं. आणि सेव्हिंगला पडलेले पैसे पडून राहतात का कधी? हार्ड डिस्क गेली, भाडेकरार रिन्यू करायचा आला, मावसभावाचं लग्न निघालं, बघता बघता त्यातले निम्मे वितळले. पुढे एका महिन्यात क्लायंटने लांबवलं तर 5 तारखेचा हप्ता बाउन्स, बाउन्सचा चार्ज कर्ज कंपनीचा वेगळा, बँकेचा वेगळा, आणि सिबिलवर डाग तो तिसरा. म्हणजे पैसे होते तेव्हा घेत नव्हते आणि नव्हते तेव्हा सोडत नव्हते. मला वाटतं व्याजदराच्या दोन-चार टक्क्यांपेक्षा ही गोष्ट जास्त महागात जाते, निदान ज्यांचं उत्पन्न आमच्यासारखं लहरी आहे त्यांना.

सोनेतारणाचं उलट. नंतर आई पुण्याला आली होती तेव्हा येताना तिची जाड चेन आणि पाटल्या घेऊन आली. मंगळसूत्र द्यायचं नाही हे तिने आधीच सांगितलं होतं, मी मागितलंही नव्हतं. अण्णांना मात्र अजिबात आवडलं नाही, "घरातलं सोनं गहाण टाकायची वेळ आली का" वगैरे. आई म्हणाली, "अहो, दिवाळीला तरी घालते का मी ते? आणि पोराने कर्ज काढलंय ते आवडलं होय तुम्हाला?" विषय संपला.

गावच्या पतसंस्थेत दहा मिनिटांत काम झालं असतं, पण तिथला मॅनेजर अण्णांबरोबर सकाळी फिरायला जातो. शिवाय पतसंस्था सहकार खात्याखाली येतात, रिझर्व्ह बँकेचे सोनेतारणाचे नियम त्यांना लागू नाहीत. म्हणून पुण्यातल्याच एका राष्ट्रीयीकृत बँकेत केलं. सोनं कुणाचं आहे ते लिहून द्यावं लागतं, तेव्हा कर्ज आईच्याच नावावर काढलं, पैसे मी भरतो.

बँकेचा सराफ आठवड्यातून ठराविक वारीच येतो, हे आधी फोन करून विचारा, नाहीतर हेलपाटा. तो दागिना कसोटीवर घासतो, ॲसिडचा थेंब टाकतो, वजन करतो आणि मग वजा करायला सुरुवात करतो, आणि तिथेच आपले अंदाज कोसळतात. आईच्या पाटल्या आतून लाखेच्या निघाल्या, लाखेचं वजन गेलं, चेनच्या पदकातला खडा गेला, मग जे नेट वजन राहिलं त्यावर 22 कॅरेटचा हिशोब. घडणावळीचं तर नावच नाही. आईचा चेहरा जरा उतरला, तिच्या मते पाटल्या बऱ्याच जड होत्या. किमतीच्या किती टक्के कर्ज मिळतं ते, पूर्वी सरसकट 75 ची कमाल होती, रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या नियमांनुसार 1 एप्रिल 2026 पासून अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला 85 पर्यंत जाता येतं. सगळं एकदम शेवटी फेडायची स्कीम घेतली तर त्या टक्क्यांत वर्षाचं व्याजही धरतात, म्हणून हातात थोडे कमी येतात.

दर साडेनऊच्या आसपास लागला. खाजगी फायनान्स कंपन्यांत 12 पासून सुरू होऊन वीसच्या वरही जातात, तिथे नीट बघा. पण दर सोडा, मी विचारलेला पहिला प्रश्न होता "मध्येच पैसे आले तर भरता येतील का?" आणि काउंटरवरच्या काकांनी मान वर न करता सांगितलं, "कधीही भरा, कितीही भरा." दंड? "नाही." तेव्हापासून क्लायंटचे आले की त्याच दिवशी ढकलतो, कधी पंधरा हजार, कधी दोन. आधी व्याज वळतं होतं, उरलेलं मुद्दलात, आणि पुढचं व्याज फक्त उरलेल्या रकमेवर. 1 लाखाला 10 टक्के धरले तर महिन्याला साधारण 830 रुपये व्याज, त्यात 40 हजार भरले की ते 500 वर येतं. सुका महिना असेल तर व्याजापुरतं भरायचं, कुणी फोन करून खडसावत नाही.

उणिवा आहेतच. बहुतेक स्कीम वर्षाच्या असतात, वर्ष संपताना फेडा किंवा व्याज भरून रिन्यू करा, त्यासाठी आईला परत पुण्याला आणा किंवा आधीच सांगलीच्या शाखेत काढा (हे मला नंतर सुचवलं गेलं, त्याच काकांकडून). दुर्लक्ष केलं तर नोटीस आणि मग लिलाव, हे खोटं नाही. पर्सनल लोन बुडालं तर तुमचा सिबिल जातो, इथे आईचं सोनं जातं, आणि त्या विचाराने काही लोकांची झोप उडत असेल तर ते मला समजतं. हे कर्ज कधीतरी फिटेल याची खात्रीच नसेल तर सोन्याला हात लावू नका. मला मात्र उलट झालं, ॲपवरचा हप्ता मी विसरायचो, पाटल्या विसरत नाही.

कर्ज फिटल्यावर सोनं जास्तीत जास्त सात कामकाजी दिवसांत परत द्यायचं बंधन आहे, त्यांच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई, हेही त्याच नव्या नियमांत आहे. पाकीट सील करताना दागिन्यांचे फोटो आणि नेट वजनाची पावती घेऊन ठेवा.

तर ज्याला महिन्याच्या 1 तारखेला पगार येतो, घरात सोनं नाही किंवा घरी कळू द्यायचं नाही, किंवा रात्री दोनला डिपॉझिट भरायचंय, त्याने पर्सनल लोन घ्यावं, चूक काहीच नाही. फक्त सही करायच्या आधी ॲग्रीमेंटची ती वीस पानं न वाचता "की फॅक्ट स्टेटमेंट" उघडा, 1 ऑक्टोबर 2024 पासून ते द्यावंच लागतं, सगळे चार्जेस धरून खरा वार्षिक दर त्यात असतो, आणि फोरक्लोजरची ओळही. तिथे पार्ट पेमेंटबद्दल काही लिहिलेलं नसेल तर ईमेलवर विचारून लेखी उत्तर घ्या, फोनवरचं "हो सर, होऊन जाईल" धरू नका. बाकी ज्यांचे पैसे आमच्यासारखे धो धो नाहीतर ठणठण असे येतात, त्यांनी आधी आईला फोन करून बघावा, असं आपलं मला वाटतं.