छापलेलं भोक

८५,००० येन. रोख, पावतीशिवाय. आकडा आधीच सांगून टाकतो, मागाहून सांगायला जीभ रेटणार नाही.

वस्तू: 'होकुसाई मांगा', म्हणजे जपानी चित्रकार होकुसाईच्या रेखाटनांचं लाकडी ठशांनी छापलेलं पुस्तक, भाग पहिला, १८१४. ठिकाण: तोक्यो, स्टेशनबाहेरचं कॉफीचं दुकान. विकणारा विक्रीच्या एका ॲपवर भेटलेला, साठीचा, कमरेत वाकून बोलणारा. आजोबांचं कोठार, घर पाडायचंय, दुकानदार लुबाडतात, जाणकाराच्या हाती पडावं... पुढचं तुम्हाला पाठ असेल. मलाही होतं. त्याने १,२०,००० सांगितले, मी ८५,०००वर आणले आणि वर खूशही झालो!

मी अगदीच अडाणी नव्हे हो. दुमडलेली पानं, घडी बाहेरच्या कडेला, आतली बाजू कोरी, चार भोकांची शिवण, काळा-राखाडी-फिकट गुलाबी रंग, सगळं तपासलं. सालही होतं. (साल बघून भुलू नका. अस्सल पुस्तकंही जुनं साल ठेवून पुढे कित्येक वर्षं छापली जात.)

पण ते भोक! चौथ्या पानावर कसरीने खाल्लेलं. कसर लागलीय म्हणजे जुनंच, म्हणत मी त्यावरून बोट फिरवलं. बोट अडकलं नाही. कागद गुळगुळीत. भोक छापलेलं होतं! बोटाला कळलं, मला नाही. नेमका तेव्हाच त्याने आजोबांचा फोटो काढला, आणि त्या म्हाताऱ्यासमोर पान उजेडाला धरणं मला असभ्य वाटलं.

जिम्बोचो या तोक्योतल्या जुन्या पुस्तकांच्या पेठेतल्या एका दुकानदाराने भिंग लावलं. रंगात बारीक ठिपक्यांची जाळी. लाकडी ठशाने छापलेल्या रंगात ती नसते. दहा सेकंद लागले त्याला. भिंग ८०० येनला मिळतं, आधी घ्या.

चौकीतला पोलीस म्हणाला, दिवाणी मामला. ग्राहक तक्रारींच्या १८८ या नंबरवर फोन केला, तर दोन खाजगी व्यक्तींमधला व्यवहार, आमच्याकडे येत नाही. ॲपवाले म्हणतात, पैसे ॲपबाहेर दिलेत. पुन्हा चौकीत गेलो. नक्कल आहे हे विकणाऱ्याला ठाऊक होतं, याचा पुरावा आणा म्हणे. मी आणू? मग तुम्ही तिथे कशाला बसलाय? तोच फॉर्म तीनदा भरला, दोन दिवस रजा गेली, आणि प्रत्येक जण इतका वाकून माफी मागतो की ओरडायचीही सोय नाही.

जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला परवाना क्रमांक असतो, तो मागा. रोख देऊ नका. पान उजेडाला धराच, समोर कुणाचेही आजोबा असोत.

काल त्याच ॲपवर नव्या नावाने पहिला भाग पुन्हा विक्रीला आलाय. चौथ्या पानाचा फोटो आहे. भोक त्याच जागी.