सरकारी शाळा: दोन वर्षांचा अनुभव, ५ पैकी ४ स्टार

मुलगा दुसरीत असताना त्याला खाजगी शाळेतून काढून जवळच्या सरकारी शाळेत घातलं, तेव्हा घरचे सगळे म्हणाले डोकं फिरलंय का तुझं. आता दोन वर्षं झालीत म्हणून लिहितेय.

आधीच्या शाळेची बिल्डिंग चकाचक, गृहपाठ ॲपवर, वहीत पानोपानी लाल खुणा. एकदा नीट बघितलं तर ५२ वजा ३७ बरोबर २५ असं लिहिलेलं आणि त्यालाही बरोबरची खूण! इथे बाईंनी पहिल्याच आठवड्यात नेमकं तेच पकडलं. रागावल्या नाहीत, काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे पुढ्यात ठेवले आणि म्हणाल्या, दोनातून सात जातात का रे, नाही ना, मग एक गठ्ठा सोड बघू. त्याने रबर काढला, बारा काड्या मोजल्या, सात बाजूला केल्या, आणि पोराचा चेहराच उजळला. मी दारात उभी होते, डोळ्यात पाणी आलं माझ्या.

एक स्टार कापलाय तो बाथरूमसाठी, आणि बाईंकडे एकावेळी दोन वर्ग असतात त्यासाठी. एका वर्गाला शिकवतात तोवर दुसरा नुसता फळ्यावरचं उतरवत बसतो. त्या रजेवर असल्या की बदली शिक्षकच नाही, हे अजिबात चालणार नाही, दर मीटिंगला सांगतेय.

पालकांना शाळा निवडू द्या, सरकारी पैसा मुलाच्या मागे जाऊ द्या, ही व्हाउचरची कल्पना अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमननी १९५५ मध्ये मांडली आणि आधी मलाही ती एकदम पटायची. पण चिलीने १९८१ पासून ते करून बघितलं, तिथे बऱ्याच खाजगी शाळा परीक्षा, मुलाखती घेऊन हवी तीच मुलं घ्यायला लागल्या, पुढे वरून फी पण आली, शेवटी २०१५ च्या कायद्याने दोन्ही टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतलं. स्वीडनमध्येही १९९२ पासून व्हाउचर आहे पण वरून फी घेता येत नाही. म्हणजे निवडतंय कोण, पालक का शाळा, सगळं त्यावर आहे. आधीच्या शाळेने ॲडमिशनला माझं शिक्षण विचारलेलं, इथे फक्त मुलाचं नाव आणि जन्मतारीख.

नाव घालायच्या आधी वर्गात तासभर बसू का विचारा, आम्हाला लगेच हो म्हणाले. जमलं तर वजाबाकीच्या तासाला जा.