सोलापुरातील मूत्ररोग संशोधन विभाग : दीड वर्षाचा अनुभव

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, सूतगिरणीतून निवृत्त झाले त्याला आता बरीच वर्षे झाली. रात्रीतून चार-पाच वेळा उठावे लागते, धार बारीक येते आणि होऊन गेल्यावरही पूर्ण झाल्यासारखे वाटत नाही, हे त्यांनी घरात कोणालाही सांगितले नव्हते. पंढरपूरला जाताना एसटी दोनदा थांबवण्याची विनंती त्यांना करावी लागली, तेव्हा ते आमच्या लक्षात आले. सोनोग्राफीत प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याचे दिसले आणि ज्या खासगी रुग्णालयात आम्ही गेलो, तेथील मूत्ररोगतज्ज्ञांनी उपचारांबरोबरच औषधांची तुलना करणाऱ्या एका अभ्यासाची माहिती दिली. त्या अभ्यासासाठी दीड वर्ष मी अण्णांबरोबर त्या विभागात जात राहिले. रुग्णालयाचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे काही उणिवाही सांगायच्या आहेत आणि एका कुटुंबाच्या अनुभवावरून कोणावर ठपका ठेवणे योग्य नव्हे.

संमती घेण्याच्या पद्धतीपासून सुरुवात करते, कारण या विभागाचे खरे मोल मला तेथेच कळले. अठरा पानांचे मराठी माहितीपत्रक आमच्या हाती देऊन समन्वयक बाईंनी त्या दिवशी सही घेण्यास स्वतःहूनच नकार दिला. घरी नेऊन वाचा, घरच्यांशी बोला आणि प्रश्न लिहून आणा, असे त्यांनी सांगितले. अण्णांचा प्रश्न एकच होता : ‘मला औषधाऐवजी साधी गोळी मिळाली तर?’ डॉक्टरांनी त्यासाठी जवळजवळ अर्धा तास दिला. प्रोस्टेटचा त्रास आपोआपही कमी-जास्त होत असतो, शिवाय कोणी नियमितपणे विचारपूस करू लागले की औषध नसलेल्या गोळीनेही माणसाला बरे वाटू लागते, त्यामुळे तुलनेसाठी दुसरा गट नसेल तर गुण औषधाचा की काळाचा हे ठरवता येत नाही, असे त्यांनी समजावले. उदाहरण म्हणून त्यांनी 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाची माहिती दिली. त्यात 3,047 पुरुषांचे सरासरी साडेचार वर्षे निरीक्षण झाले आणि डॉक्साझोसिन व फिनास्टेराइड ही दोन औषधे एकत्र घेणाऱ्यांमध्ये आजार बळावण्याचा धोका निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत 66 टक्क्यांनी कमी आढळला. निष्क्रिय गोळी घेण्यास काही माणसे तयार झाली म्हणूनच हा आकडा आज आपल्या हाती आहे, हे अण्णांना पटले. कधीही कारण न देता बाहेर पडता येईल आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारांत फरक पडणार नाही, हे त्यांनी डॉक्टरांकडून दोनदा वदवून घेतले आणि आठ दिवसांनी सही केली. सही केलेल्या संमतीपत्राची प्रत, नैतिकता समितीचा दूरध्वनी क्रमांक आणि भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदवहीतील नोंदणी क्रमांक हे तिन्ही आम्हाला न मागता मिळाले. ही नोंदवही 2007 पासून असून ती कोणालाही इंटरनेटवर पाहता येते. मी त्याच रात्री क्रमांक टाकून पाहिला आणि अभ्यासाची माहिती पत्रकाशी जुळते याची खात्री करून घेतली.

प्रत्येक भेटीत अण्णांना लक्षणांची प्रश्नावली भरावी लागे. तिच्यात सात प्रश्न असून प्रत्येकाला शून्य ते पाच गुण असतात. एकूण पस्तिसांपैकी सातपर्यंत त्रास सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम आणि त्यापुढे तीव्र समजतात. कागदावर हे सोपे दिसते, पण ‘पाचपैकी एकापेक्षा कमी वेळा’ आणि ‘निम्म्यापेक्षा कमी वेळा’ यांतील फरक सत्तरीच्या माणसाला चटकन उमगत नाही. ‘अधूनमधून होतं की,’ एवढेच अण्णांचे उत्तर असे. समन्वयक बाई न कंटाळता विचारत, ‘काका, काल दिवसभरात किती वेळा गेलात? त्यातल्या किती वेळा पुन्हा जावंसं वाटलं?’ मी मध्ये बोलू लागले की त्या मला नम्रपणे थांबवत, कारण उत्तर रुग्णाचेच असले पाहिजे. एरवीच्या तपासणीत नातेवाइकाने सांगितले तेच लिहून घेण्याची रीत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे, म्हणून ही शिस्त मला विशेष मोलाची वाटते. तीन दिवस मोजपात्राने लघवी मोजून वहीत लिहिण्याचे कामही अण्णांनी गिरणीतील नोंदींच्या निष्ठेने केले.

दुसऱ्या महिन्यात पहाटे अंथरुणातून उठताना त्यांना भोवळ आली. पत्रकावरील क्रमांकावर मी सहा वाजता फोन केला आणि दुसऱ्याच घंटीला तो उचलला गेला. सकाळी बोलावून त्यांचा रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर असा दोनदा मोजला गेला, घटनेची लेखी नोंद झाली आणि उठताना आधी दोन मिनिटे कडेला बसून राहण्यास सांगण्यात आले.

धार मोजण्याच्या खोलीविषयी मात्र माझी तक्रार आहे. या तपासणीसाठी मूत्राशय पुरेसे भरलेले लागते आणि लघवी 150 मिलिलिटरपेक्षा कमी झाली तर आलेख विश्वासार्ह धरत नाहीत. त्यासाठी पाणी पीत बसलेली वयस्क माणसे अरुंद मार्गिकेत ताटकळतात, खोलीचे दारही त्याच मार्गिकेत उघडते आणि बाहेरचे बोलणे आत स्पष्ट ऐकू येते. संकोचाने अण्णांची तपासणी पहिल्यांदा फुकट गेली. दार दुसऱ्या बाजूला घेणे किंवा निदान एक पडदा लावणे अवघड नसावे.

गुरुवारी त्याच मजल्यावर स्त्रियांना वारंवार होणाऱ्या मूत्रसंसर्गाचा अभ्यास चाले. उन्हाळी लागली की धने-जिऱ्याचे पाणी पिऊन दिवस काढायचे आणि डॉक्टरांकडे जायचेच नाही, ही आपल्याकडच्या बायकांची सवय आहे. त्यामुळे तेथे स्त्री डॉक्टर असणे ही मोठीच सोय होती. एकदा त्यांनी 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाची माहिती दिली. कमी पाणी पिणाऱ्या आणि सतत संसर्ग होणाऱ्या 140 स्त्रियांपैकी निम्म्या जणींनी वर्षभर रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायले, तर त्यांना वर्षात सरासरी 1.7 वेळा संसर्ग झाला आणि उरलेल्या जणींना 3.2 वेळा. कुंभारीहून आलेली एक विडी कामगार हे ऐकून म्हणाली, ‘पाणी पिऊ बाई, पण विड्या जमा करायला गेल्यावर जायचं कुठं?’ काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या आणि मे महिन्यात चाळिशीच्या वर तापणाऱ्या या शहरात तो प्रश्न मला कोणत्याही प्रश्नावलीपेक्षा महत्त्वाचा वाटला. डॉक्टरांनी तो टाळला नाही. तिच्या नोंदवहीत कामाच्या जागी शौचालय नसल्याचा उल्लेख त्यांनी करून घेतला.

याच बाईंच्या बाबतीत विभागाची सर्वांत मोठी उणीव दिसली. सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटकडच्या अनेकांची भाषा कन्नड आहे, पण छापील पत्रके फक्त मराठी, हिंदी आणि इंग्रजीत होती. तेलुगू जाणणारी एक परिचारिका तोंडी समजावून सांगे, आणि मनापासून सांगे, तरी घरी नेऊन वाचायला त्या बाईंकडे काही उरत नव्हते. सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत माहिती द्यावी, हा तर नियमच आहे. अण्णांना विचार करायला आठ दिवस आणि अठरा पाने मिळाली, तिला दहा मिनिटांचे बोलणे मिळाले.

मुलांच्या विभागात मी एकदाच थांबले. लघवी उलट मूत्रपिंडाकडे जाण्याचा दोष असलेल्या नऊ वर्षांच्या मुलाशी डॉक्टर आई-वडिलांच्या आधी बोलले आणि ‘तुला चालेल का?’ असे विचारून त्याच्या होकाराची वाट पाहिली. सात वर्षांवरील मुलाची स्वतःची तयारी विचारणे नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत आहेच, पण ते इतक्या गांभीर्याने झालेले मी प्रथमच पाहिले. रोज थोडे प्रतिजैविक द्यावे का, या वडिलांच्या प्रश्नालाही सरळ उत्तर मिळाले : 2014 च्या 607 मुलांवरील अभ्यासात पुन्हा होणारे संसर्ग जवळपास निम्म्यावर आले, मात्र मूत्रपिंडावरील व्रणांत फरक पडला नाही आणि औषधाला न जुमानणारे जंतू वाढले.

अण्णांच्या सर्व तपासण्या विनामूल्य झाल्या. प्रवासभत्ता बँक खात्यात जमा होई, पण कधी कधी दोन महिन्यांनी; आम्हाला ते चालले, मात्र एका फेरीमागे दिवसाच्या विड्या बुडणाऱ्या बाईला तो त्याच दिवशी रोख मिळायला हवा.

अण्णांची शेवटची भेट होऊन आता वर्ष उलटले आहे. अभ्यास संपल्यावर निष्कर्ष आणि त्यांना कोणते औषध मिळत होते हे कळवू, असे पत्रकाच्या सोळाव्या पानावर लिहिले आहे. मी दोनदा विचारले, तेव्हा इतर केंद्रांचे काम अजून चालू असल्याचे सांगण्यात आले, आणि ते खरेही असेल. पण तेवढे तरी एका ओळीच्या पत्राने त्यांनी आपणहून कळवायला हवे होते, कारण मोजपात्र आणि नोंदींची वही अण्णांनी अजून कपाटात जपून ठेवली आहे आणि पोस्टमन आला की ते दारापर्यंत जातात.