आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि मोनोफोकल लेन्स: काही महिने वापरल्यावरचा अनुभव

आईच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन होऊन आता बरेच महिने झालेत, चष्म्याचा नंबरही स्थिर झालाय, म्हणून सविस्तर लिहितेय. फेको करून, म्हणजे अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून ओढून काढून, साधी मोनोफोकल (एकाच अंतरावरचं स्पष्ट दाखवणारी) फोल्डेबल म्हणजे घडी होणारी लेन्स बसवली. सकाळी नेलं आणि दुपारी घरी आणलं. ऑपरेशन खरंच छोटं असतं हो, दोन-तीन मिलिमीटरची चीर, टाका नाही, आईला तर नुसते थेंब घालूनच भूल दिली. जी काय मेहनत आहे ती घरच्यांची, आधी आणि नंतर.

आधीची तयारी म्हणजे, आदल्या दिवशी डोक्यावरून आंघोळ घालून घ्या कारण नंतर डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नसतं, मग केस धुवायचे तर मान मागे टाकून दुसऱ्या कोणीतरी धुवून द्यायचे. कपडे पुढून बटणं असलेले घाला, डोक्यातून काढायला लागणारे नकोत. बीपी, शुगर, रक्त पातळ व्हायची गोळी यातलं काय घ्यायचं काय थांबवायचं ते डॉक्टरांनाच विचारा, मनाने काही बंद करू नका. आणि घरातल्या पुरुषाचं ऑपरेशन असेल तर प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू आहे का किंवा पूर्वी कधी घेतलीय का हे आवर्जून सांगा, त्या गोळीने ऑपरेशन चालू असताना बुबुळाचा पडदा ढिला पडतो, आधी माहीत असलं की सर्जन त्या तयारीने उतरतो.

नंतरचं सगळं थेंबांवर. अँटिबायोटिकचे थोडे दिवस, स्टिरॉइडचे मात्र कित्येक आठवडे आणि तेही हळूहळू कमी करत न्यायचे. बाटल्या सगळ्या सारख्याच दिसतात, मी एकीला लाल आणि दुसरीला हिरवी चिकटपट्टी लावली आणि फ्रिजच्या दारावर तक्ता. दोन औषधांमध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसऱ्याने पहिलं वाहून जातं. थेंब घातला की डोळा मिटून नाकाकडचा कोपरा हलकेच दाबून धरायचा. रात्री प्लास्टिकची जाळी लावूनच झोपायचं, झोपेत हात जातोच. वाकून जड उचलणं बंद, आणि फोडणीच्या वेळी मी तिला स्वयंपाकघरात येऊच दिलं नाही.

आता लेन्सबद्दल. मल्टिफोकलने (दूरचं-जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या लेन्सने) चष्मा सुटेल असं बरेच जण सांगत होते, पण त्यात काहींना रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात आणि आईला चष्म्याची सवय होतीच, त्यामुळे दूरचं दिसेल अशी मोनोफोकल घेतली. निर्णय बरोबर ठरला असं मी ठामपणे सांगेन. बसची पाटी लांबून वाचते, टीव्हीवरची खालची पट्टी वाचते, पोथी आणि तांदूळ निवडायला मात्र जवळचा चष्मा लागतोच. पहिला डोळा झाल्यावर एकेक डोळा झाकून भिंतीकडे बघत म्हणाली, "अगं, ही भिंत पांढरी आहे! ह्या डोळ्याने पिवळी दिसतेय." मोतीबिंदूने डोळ्याची मूळ लेन्सच पिवळसर झालेली असते, निळा रंग तर फारच मरतो, तिची निळी इरकल तिला चक्क नवी वाटली. बाजूला चंद्रकोरीसारखी सावली दिसते अशी तक्रार सुरुवातीला होती, काही आठवड्यांत ती आपोआप गेली.

पुढेमागे लेन्समागचा पडदा गढूळ होऊन पुन्हा धूसर दिसायला लागलं तर यॅग लेसर करतात, म्हणजे लेसरने त्या पडद्यात छोटी फट पाडतात, काही मिनिटांचं काम असतं, मोतीबिंदू परत आला असं समजून घाबरू नका. पण दुखणं वाढलं, लाली वाढली, अचानक कमी दिसायला लागलं किंवा चमका दिसल्या तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी दाखवा.

मेडिक्लेमचं म्हणाल तर हे डे-केअरमध्ये येतं, त्यामुळे २४ तास ॲडमिट असण्याची अट लागत नाही, पण बऱ्याच पॉलिसींत एका डोळ्यामागे मर्यादा असते आणि सुरुवातीची काही वर्षं मोतीबिंदू कव्हरच होत नाही, तेव्हा तारीख घ्यायच्या आधी पॉलिसी वाचा. लेन्सच्या पाकिटावरचा पॉवर आणि सिरियल नंबरचा स्टिकर फाइलला लावून घ्या, क्लेमला मागतात. आम्ही त्याचा फोटोही काढून ठेवलाय.