दोरी सुटताच इंजिन बंद : हाताने बनवलेले आणि कारखान्यात तयार झालेले किल स्विच

लहान पेट्रोल इंजिनाच्या शर्यतीच्या गाडीवरून चालक फेकला गेला, तर इंजिन त्याच क्षणी बंद पडले पाहिजे. एवढेच काम करणाऱ्या, चालकाच्या अंगाला दोरीने जोडलेल्या किल स्विचचे हे परीक्षण आहे. उद्यमनगरातील आमच्या वर्कशॉपमध्ये अभियांत्रिकीचे विद्यार्थी आपल्या कार्ट, म्हणजे अशाच छोट्या शर्यतीच्या गाड्या, जुळवायला येतात, आणि स्विच विकत घ्यायचा की इथेच बनवायचा, हा प्रश्न दरवेळी निघतो. ज्या शहरात कास्टिंगपासून लेथकामापर्यंत सगळे हाकेच्या अंतरावर होते, तिथे ‘आणायचा कशाला, करून टाकू’ हे उत्तर ओठांवर तयारच असते. चॅसी (गाडीचा सांगाडा), ब्रॅकेट, पेडल यांच्या बाबतीत मीही तेच म्हणतो. किल स्विचच्या बाबतीत म्हणत नाही.

या स्विचचा खरा कस लागतो तो गवत कापण्याच्या यंत्रांच्या शर्यतीत. इंग्लंडमध्ये हा खेळ 1973 मध्ये विस्बरो ग्रीन या गावात सुरू झाला आणि 1992 मध्ये अमेरिकेत त्याची स्वतंत्र संघटना उभी राहिली. शर्यतीपूर्वी यंत्राची पाती काढून टाकणे आणि चालकाला दोरीचा किल स्विच बांधणे, या दोन गोष्टींवर तिथे तडजोड नाही. बसून चालवायच्या यंत्राच्या आसनाखाली कारखान्यानेच एक स्विच दिलेला असतो, चालक उठला की इंजिन थांबते. पण शर्यतीत खड्ड्यावरून उसळी बसली की तोच स्विच भर वेगात इंजिन बंद पाडतो, म्हणून स्पर्धक तो निकामी करतात आणि त्याची जागा दोरीला घ्यावी लागते. खास बदल केलेली यंत्रे ताशी 60 मैलांच्या, म्हणजे सुमारे 97 किलोमीटरच्या पुढे जातात. त्या वेगाने चालकाविना धावणारे यंत्र प्रेक्षकांत शिरले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

आपल्याकडच्या कार्टमध्ये आणि त्या यंत्रांमध्ये इंजिनाच्या दृष्टीने फारसा फरक नाही. दोन्हीकडे मॅग्नेटोचे, म्हणजे बॅटरीशिवाय फिरत्या चुंबकातून ठिणगीची वीज मिळवणारे, इंजिन असते. ते बंद करण्यासाठी ठिणगीची वीज देणाऱ्या कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्याची वायर इंजिनाच्या धातूला टेकवायची, म्हणजे अर्थ (अर्थिंग) करायची. मग प्लगला ठिणगी मिळत नाही. म्हणजेच, स्विच ‘जोडला’ गेल्यावर इंजिन थांबते. ही बाब नीट समजून घेतली पाहिजे, कारण सगळा धोका तिच्यात आहे. वायर तुटली, संपर्काच्या टोकांवर गंज चढला किंवा मध्ये माती अडकली, तर इंजिन बंद पडत नाही, उलट उत्तम चालत राहते आणि स्विच मेला आहे हे कोणाच्याही लक्षात येत नाही. दोरी सुटेल त्या दिवशीच ते कळते.

हाताने बनवलेल्यांत दोन प्रकार सर्रास दिसतात. पहिला कपडे वाळत घालायच्या चिमट्याचा. चिमट्याच्या दोन्ही जबड्यांना पितळी ड्रॉइंग पिना बसवतात, त्यांना वायरी जोडतात आणि मध्ये दोरीला बांधलेली प्लास्टिकची पट्टी सरकवतात. पट्टी निघाली की पिना एकमेकींना भिडतात. याचा एक गुण मान्य केलाच पाहिजे, दोरी कोणत्याही दिशेने ओढली तरी पट्टी सहसा निघते. पण संपर्काची जागा पूर्ण उघडी असते, आणि पावसाळ्यानंतरच्या आपल्याकडच्या मैदानावर पहिल्याच फेरीत तिथे चिखल बसतो. चिखल सुकून पिनांवर पापुद्रा धरतो, चिमटा मिटतो, वरून सगळे जागेवर दिसते आणि मल्टीमीटर (विजेची जोडणी तपासायचे उपकरण) मात्र काहीच जोडले नसल्याचे दाखवतो.

दुसरा प्रकार हेडफोनच्या साडेतीन मिलिमीटर सॉकेटचा. आत दोरीला बांधलेली पिन असताना सॉकेटमधील धातूची छोटी पाती दूर राहते, पिन निघाली की पाती टेकते आणि कॉइल अर्थ होते. कल्पना खरोखर चांगली आहे आणि काम नीटनेटके दिसते, त्यामुळे विद्यार्थ्यांना हाच प्रकार आवडतो. मी तो पॅनेलवर लावून वेगवेगळ्या दिशांनी ओढून पाहिला. सरळ ओढल्यास पिन झटकन येते. आडवे ओढल्यास ती सॉकेटच्या कडेला टेकून अडकते, जोर वाढवला की वाकते, आणि वाकलेली पिन तर अजिबात सुटत नाही. माणूस गाडीवरून पडतो तेव्हा तो सॉकेटच्या सरळ रेषेत पडेल, असे गृहीत धरता येत नाही. शिवाय ती पाती आवाजाच्या क्षीण प्रवाहासाठी बनलेली असते. मॅग्नेटोच्या प्राथमिक वायरीत शंभराहून अधिक व्होल्टचे झटके येतात आणि त्यांच्या ठिणग्यांनी पातीचे टोक हळूहळू खड्डे पडून खराब होते.

कारखान्यातील चांगल्या स्विचचे वेगळेपण मला त्याच्या क्लिपमध्ये दिसते. काट्यासारखी दुबेळकी क्लिप स्प्रिंगच्या बटणाखाली बसते आणि बटण उचलून धरते. समोरून, बाजूने, तिरके, कसेही ओढले तरी ती निसटते आणि बटण स्वतःच्या स्प्रिंगने आत जाते. संपर्क रबरी आवरणात बंद असतात. हे स्विच मुळात मोटरबोटींसाठी विकसित झाले असल्याने पाणी आणि कंप सोसण्याचा विचार त्यांत आधीपासूनच आहे. अमेरिकेत 1 एप्रिल 2021 पासून 26 फुटांपेक्षा लहान बोटींवर असा स्विच बसवलेला असल्यास तो चालकाने वापरणे कायद्याने सक्तीचे झाले आहे.

तरीही ‘कारखान्याचा आहे’ एवढ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. ऑनलाइन काही शे रुपयांत मिळणाऱ्या एका बिननावाच्या स्विचची वायर बुडाशी क्रिंपमधून, म्हणजे दाबून बसवलेल्या जोडातून, हलक्या ओढीत निघून आली. दुसरी अडचण प्रकाराची: क्लिप काढल्यावर जोडला जाणारा स्विच मॅग्नेटोसाठी असतो, तर क्लिप काढल्यावर ज्याची जोडणी तुटते तो बॅटरीच्या इग्निशनसाठी, म्हणजे बॅटरीच्या विजेवर ठिणगी देणाऱ्या इंजिनांसाठी. विक्रीच्या पानावर हे अनेकदा लिहिलेलेच नसते, म्हणून हाती आल्यावर मल्टीमीटर लावून खात्री करावी. मॅग्नेटोच्या वायरीला चुकूनही बारा व्होल्ट देऊ नयेत, कॉइल जळते.

स्विच कितीही उत्तम आणला तरी वायरिंग आपणच करणार, आणि माझ्या पाहण्यात बिघाड बहुतेक तिथेच असतो. पावडर कोटिंग केलेल्या चॅसीवर अर्थचा लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) तसाच आवळला, तर तो रंगावर बसतो, धातूवर नाही. तेवढी जागा घासून चकचकीत करावी, दातेरी वॉशर घालावा आणि शक्यतो अर्थ थेट इंजिनाच्या बोल्टलाच द्यावा. दोरी अशा मापाची असावी, की वळणावर आत झुकल्यावर ती ताणली जाऊ नये आणि आसन सुटताच मात्र ओढली जावी. प्रत्येक वेळी इंजिन चालू केल्यावर, गाडी हलवण्यापूर्वी, ते दोरी ओढूनच बंद करून पाहावे.

ज्यांना हाताने काही करायचेच आहे, त्यांनी स्विच बनवण्याऐवजी रिले, म्हणजे विजेच्या प्रवाहाने उघडझाप करणारा स्विच, जोडावा. बॅटरीच्या प्रवाहाने उघडा राहणारा संपर्क कॉइलच्या वायरीवर ठेवला आणि रिलेचा प्रवाह बॅटरी इग्निशनच्या प्रकारातील दोरीच्या स्विचमधून नेला, की दोरी निघाली, रिलेची वायर तुटली किंवा बॅटरी उतरली, तरी इंजिन बंदच पडते. रिले मात्र कंप सोसणारा, वाहनांत वापरतात तसा घ्यावा. ही रचना मला नुसत्या विकतच्या स्विचपेक्षाही अधिक भरवशाची वाटते.

शर्यतीसाठी माझी शिफारस बोटीच्या प्रकारातील, बंद संपर्काच्या आणि दोन सुट्या क्लिपांसह येणाऱ्या स्विचचीच आहे. चिमटा आणि सॉकेट वर्कशॉपमध्ये स्टँडवरच्या इंजिनासाठी ठीक आहेत, माणूस बसलेल्या गाडीवर नकोत. डिझेल पॉवर टिलरवर यांपैकी काहीच उपयोगी नाही, कारण तिथे तोडायला ठिणगीच नसते. त्याला इंधन बंद करणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) लागतो.